गुरुवारची सुट्टी, शुक्रवारची फिट

रंजनाला विचारलं, "तुझ्या फिटचं लिहू का गं?" तर म्हणाली, "खुशाल लिही, फक्त माझ्या अर्ध्या दाताचं लिहू नकोस." म्हणजे पहिल्याच ओळीत मी शब्द मोडला. असू दे. तिच्या घरात आता सून आली आहे, ती कशाला आईशी भांडतेय?

लिहायचं कारण असं की परवा ओळखीतल्या एका पोरीच्या लेकाला फिट यायला लागली आणि शाळेनं "काही दिवस घरीच ठेवा" म्हणून सांगितलं. ती माझ्यापाशी येऊन रडली. मी सगळं तोंडी सांगितलं, पण रडणाऱ्या माणसाच्या ध्यानात काय राहतंय? म्हणून वही घेतली. मी चौथी शिकलेली बाई आहे. शुद्धलेखनाच्या चुका कुणी काढत बसू नये.

कासारवाडी, तेव्हाची

बहात्तरचा दुष्काळ संपून वर्ष-दोन वर्षं झाली होती. आम्ही साताऱ्याकडचे. आमचे मालक, म्हणजे रंजनाचे वडील, पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर लागले आणि आम्ही कासारवाडीला स्टेशनाजवळ दहा खोल्यांच्या चाळीत आलो. मालक, मी, सासूबाई आणि रंजना. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. खोली एवढी की चौघं झोपली की पाचव्याला उभं राहावं लागेल. पण काय दिवस होते हो! मागं ज्वारीची शेतं, पुढं रूळ, आणि दहा खोल्यांत मिळून एक नळ. ह्यांच्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास यायचा, कितीही धुवा जायचा नाही. तेव्हा मी नाक मुरडायची. आता कधी सायकलच्या दुकानावरून जाताना तो वास आला की पाय आपोआप थांबतो.

घर शिफ्टवर चालायचं. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे पाचला स्टो पेटला. सेकंड असली की दुपारी जेवून हे निघाले. थर्ड असली की दिवसभर आम्ही खोलीत चोरपावलांनी फिरायचो. आणि सुट्टी गुरुवारी. पुण्याचा रविवार आमच्याकडं गुरुवारी यायचा. त्या दिवशी चाळीतले सगळे बाप्ये बनियनवर ओट्यावर बसलेले, कुणाकडं रेडिओ, कुणाकडं पत्ते, आणि दहाच्या दहा खोल्यांतून मटणाचा वास. सकाळी एरवीसारखी भाकरी नाही, नुसता चहा-बटर. जेवायला तीन वाजायचे. एवढं जेवायचो की रात्री पुन्हा पान मांडायची सोयच नाही. तेवढीच मला उसंत.

हे सगळं नीट सांगते आहे, कारण पुढं ह्यावरच सगळं आलं.

पहिला दिवस

रंजना दुसरीत होती. नळावर पाण्याची लहान कळशी घेऊन उभी होती. कळशी पडली, तिच्यावर ही पडली, दात तिथंच अर्धा गेला. हात-पाय झाडायला लागली, डोळे वर, तोंडाला फेस. मी किंचाळले. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा, एकानं दातात चमचा घालायला सुरुवात केली. दोन-तीन मिनिटांत थांबलं असेल, पण मला विचाराल तर अजून थांबलेलं नाही.

ह्यांनी शिफ्ट बुडवली. गाडीनं पुण्याला, मोठ्या सरकारी दवाखान्यात. केसपेपर काढा, रांगेत बसा, दुसऱ्या खिडकीवर जा. चार दिवस ठेवून घेतलं. डोक्याला तारा लावल्या तेव्हा रंजना म्हणाली, "आई, माझा रेडिओ केला बघ." मी हसले आणि बाहेर जाऊन रडले. वॉर्डात पहाटे पाचला थर्मामीटर, मग दूध-पाव, मग डॉक्टरांचा राउंड. रात्री नातेवाइकांनी बाहेर व्हरांड्यात झोपायचं, असा नियम होता. पण तिथल्या आयाबाईनं मला खाटेखाली सरकवलं आणि वर चादर लोंबती सोडली. "हलू नगंस, आणि घोरू नगंस," म्हणाली. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही, ह्याची रुखरुख आहे.

निघताना एका तरुण डॉक्टरनं समजावलं. हा आजार मेंदूतला आहे, फेफरं म्हणतात तो. गोळी दिवसातून दोनदा, जेवणानंतर, कित्येक वर्षं. फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, दातात काही घालू नका, गर्दी करू नका, किती वेळ चालली ते बघा. मी एवढंच विचारलं, "शाळेत जाईल ना?"

"का नाही जाणार?" तो म्हणाला.

त्या तीन शब्दांवर मी गाडीत बसले.

शुक्रवार

गोळी सुरू झाली. फिट कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. आणि आता घरी कमी, शाळेत जास्त. साडेसातची शाळा. नऊ-दहाच्या सुमाराला कुणीतरी पोर सांगत यायचं. मी जाऊन बघावं तर रंजना ओल्या परकरात कोपऱ्यात बसलेली आणि बाकी पोरं वर्गाबाहेर. तिच्याशेजारी बसायला कुणी तयार होईना. "फेफरंवाली" असं नाव पडलं.

वार पहिल्यांदा धरला तो आत्याबाईंनी. "शुक्रवारीच येतं हिला. शुक्रवार देवीचा. आपण देव नदीत सोडलं, ती कोपली."

आमच्यात देव नव्हते. बाबासाहेबांबरोबर आम्ही बौद्ध झालो, तेव्हा ह्याच आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं देवांचे टाक नदीत सोडले होते. पण नातीचे डोळे वर गेले की म्हातारीचा धीर सुटायचा. हे एकदा तिच्यावर ओरडले, "आये, पुन्यांदा देवीचं नाव काढलंस तर मी घर सोडून जाईन!" ह्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. तेव्हापासून मायलेकरं एकमेकांशी बोलेनात आणि निरोप माझ्या तोंडून. "त्याला सांग, भाकरी झाली." "तिला सांग, भूक न्हाई." मी मेली मधल्या मधी.

आता खरं सांगते, लपवण्यात काय हाशील? मी गेले. ह्यांना न सांगता आत्याबाईंबरोबर चाकणच्या बाजूला, निघोजेच्या पलीकडं एका वस्तीवर. तिथं एका बाईच्या अंगात यायचं. तिनं सांगितलं, पोरीला शुक्रवार कडक धरायला लावा. सूर्य मावळेपर्यंत पोटात काही नको. मी दोन शुक्रवार सात-आठ वर्षांच्या लेकराला उपाशी शाळेत धाडलं. दोन्ही शुक्रवारी फिट आली. दुसऱ्या वेळी एका दिवसात दोन. परवा रडत आलेल्या त्या पोरीला मी हे सांगायला धजावले नव्हते, इथं लिहिते आहे. मला त्याची लाज आजही वाटते.

मोठे गुरुजी

दुसऱ्या दिवशी शाळेतून बोलावणं आलं. हेडमास्तरांना सगळे मोठे गुरुजी म्हणायचे. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी मोडू न देणारा माणूस. वाईट नव्हता, आता कळतं. पण तेव्हा मला तो वैरी वाटला.

"काल दोन मुली घाबरून घरी पळाल्या. एका पालकानं मुलगा काढून घेतला. साठ पोरांचा वर्ग आहे बाई, मी काय करू?"

"गोळ्या चालू हायत गुरुजी."

"गोळ्या चालू आहेत आणि फिटपण चालू आहेत." हजेरीतल्या तिच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "आता वर्गात एकदा जरी फिट आली, की दाखला घेऊन जा. घरी शिकवा. मुलीचीच जात, तिसरी झाली काय, चौथी झाली काय."

शेवटचं वाक्य ते बोलले नसते तर मी कदाचित मान हलवून घरी गेले असते. माझंही शिक्षण चौथीत असंच कुणाच्या तरी बोलण्यावर संपलं होतं. मी म्हटलं, "चौथी झाली काय म्हंजे? माज्यासारकी व्हईल, आनी काय?" आणि तडक बाहेर पडले. व्हरांड्यात येऊन चपला शोधायला लागले.

पाटणकर बाई

रंजनाच्या वर्गाच्या पाटणकर बाई मागून आल्या. किडकिडीत, चष्मेवाल्या, रोज पुण्याहून गाडीनं यायच्या. मला वर्गात नेऊन खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि एक वही उघडली.

"रंजनाची आई, मी तीन महिन्यांचं टिपून ठेवलंय. वर्गात आठ वेळा फिट आली, त्यातल्या सात शुक्रवारी."

झालं! माझं टाळकंच फिरलं. "बाई, शिकल्यासवरल्या तुमी, तुमीबी देवीचंच सांगनार व्हय? शुक्रवार, शुक्रवार! आमी देव मानत न्हाई, कुनाचं काय म्हननं हाय का?"

बाईंनी मला बोलू दिलं. संपल्यावर म्हणाल्या, "देवीचं मला काही कळत नाही. मी विचारते आहे, गुरुवारी घरी काय होतं?"

"काय व्हनार? सुट्टी असती."

"गुरुवारी कसली सुट्टी?"

घ्या! पुण्याच्या बाई. कासारवाडीत तीन वर्षं शिकवून ह्यांना माहीत नाही. "कंपनीची सुट्टी, बाई. समद्या चाळीची."

"बरं. मग सकाळी उठल्यापासून सांगा. रंजना काय खाते, काय करते, सगळं."

मी वैतागूनच सुरुवात केली. सकाळी चहा-बटर. मग ही शाळेत. बाराला येते. तीनच्या सुमाराला मटण-भाकरी होते, सगळी जेवतो. मग गोळी.

"सकाळची गोळी?"

"गोळी जेवनानंतर असती, बाई. चहा-बटर म्हंजे जेवन नव्हं."

"आणि रात्रीची?"

"रात्री कोन जेवतंय? तीन वाजता येवढं—"

जेवण नाही म्हणून गोळी नाही. दर गुरुवारी. दोनाच्या जागी एक, तीही दुपारी तीनला, आणि दुसऱ्या सकाळी शाळेत फिट. डॉक्टरनं सांगितलेला शब्द मी देवाच्या वर पाळला होता, आणि आमच्या घरात जेवणाला वेळच नव्हती, ती कंपनीवर ठरायची. वर ते दोन शुक्रवार मी तिला उपाशी ठेवलेलं, म्हणजे त्या दिवशीचीही सकाळची गोळी गेली. माझ्याच हातानं. मी टेबलावर डोकं टेकलं आणि हमसून रडले. बाई पाठीवर हात ठेवून नुसत्या बसल्या. "चुकलात" असं त्या म्हणाल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढं कधीही नाही.

पुढच्या मंगळवारी बाईंनी रजा टाकली आणि आमच्याबरोबर दवाखान्यात आल्या. डॉक्टरनं त्यांची वही वाचली आणि कपाळाला हात लावला. "जेवणाचं सोडा, घड्याळाचं धरा. सकाळ-संध्याकाळ एकाच वेळेला, पोटात बिस्कीट असलं तरी चालेल."

नळ

घड्याळ धरा म्हणाले, पण घड्याळ ह्यांच्या मनगटावर आणि हे कंपनीत. मग बाईंनी आणि मी मिळून ठरवलं. सकाळची गोळी शाळेत, प्रार्थना संपली की बाईंच्या समोर. रविवारी मी स्टेशनातल्या घड्याळाकडं बघून द्यायची. संध्याकाळची गोळी नळाला पाणी आलं की. शिफ्ट बदलो, सुट्टी असो, नळाला पाणी सातला यायचं म्हणजे यायचंच, आणि ते आलं हे बहिऱ्यालाही कळेल एवढा दंगा व्हायचा. पहिले काही दिवस तर सगळी चाळ ओरडायची, "रंजे, गोळी!"

ह्यांना मी सगळं सांगितलं, निघोजेचंसुद्धा. वाटलं होतं, आता घर डोक्यावर घेतील. हे म्हणाले, "माझी सुट्टी पोरीला नडली." मी म्हटलं, "अवो, मी उपाशी ठिवली." "ऱ्हाऊ दे," म्हणाले. त्यानंतरच्या गुरुवारी मी उठले तर हे स्टोपुढं बसून भाकरी थापत होते. बाप्याच्या हातची भाकरी, एका बाजूला जाड, एका बाजूला भोक. रंजनानं ती शाळेत डब्यात नेली आणि सगळ्यांना दाखवली. आत्याबाई ह्यांच्याशी त्या दिवशी बोलल्या: "दगडू, येवढं पीठ कशापायी सांडलंस?"

मी वर्गात आडवी पडले

बाई एक दिवस म्हणाल्या, "फिट आली तर काय करायचं हे पोरांना कुणीतरी दाखवायला हवं. तुम्ही या."

"मी? मी चौथी शिकल्याली."

"ह्या विषयात माझ्यापेक्षा जास्त शिकलात."

गेले. साठ पोरं माझ्याकडं बघतायत. काय बोलावं सुचेना, तेव्हा मी पदर खोचला आणि सरळ फरशीवर आडवी पडले. "मला फिट आलीया. आता काय करशीला?" पोरं पहिल्यांदा घाबरली, मग खिदळली. मी ओरडले, "हसू नगा, मला कुशीवर वळवा!" मी तेव्हा चांगली धिप्पाड होते. आठ जणांनी जोर लावला तेव्हा कुठं वळले. एकीनं स्वतःचं खाली अंथरायचं बसकर घडी करून डोक्याखाली दिलं. एकानं चप्पल आणली, त्याला मी पडल्या पडल्याच फटकारलं. रंजना लाजेनं लाल. "आई, ऊठ की आता!"

एका मुलीनं विचारलं, "हिच्या अंगात देवी येती का?"

"तुला ताप येतो तवा देवी येती का? तसंच हे."

तेवढ्यात मोठे गुरुजी दारात. मी फरशीवर, माझ्याभोवती पोरं. "हे काय चाललंय?"

"आरोग्याचा तास आहे, गुरुजी," पाटणकर बाई शांतपणे म्हणाल्या. "किती मिनिटं चालली आणि कुठल्या हातापायापासून सुरू झाली, हे पाहायला अजून कुणी नाही आमच्याकडे. घड्याळ लागतं." गुरुजी वळून निघून गेले. मी उठून साडी झटकली आणि सगळ्या वर्गाबरोबर हसले. इतकं हसू मला वर्षभरात आलं नव्हतं.

जिच्यासाठी हे लिहिते आहे तिला सांगते, शाळेत भांडायला जरूर जा, पण भांडून झालं की तिथंच थांब. एखादी पाटणकर बाई मागून येते, तिला यायला वेळ द्यावा लागतो.

तो मंगळवार

दिवाळी गेली, संक्रांत गेली. फिट नाही. रंजनाशेजारी दोघी बसायला लागल्या, जागेवरून भांडायच्यासुद्धा. आणि मग तिला ताप आला. तीन दिवस अंगात होता. चौथ्या दिवशी उतरला म्हणून, आणि तिनं रडून घर डोक्यावर घेतलं म्हणून, मी शाळेत पाठवली.

मी धुणं धूत होते. वर्गातली एक मुलगी पळत आली. "काकू, रंजीला आली!"

ओल्या हातानंच पळाले. फिटची मला भीती नव्हती उरली. भीती त्या दाखल्याची. रस्ताभर मनात तेच. आता दापोडीच्या शाळेत विचारू, तिथं नाही म्हणाले तर पिंपरीला, तिथंही नाही म्हणाले तर? ती घरी भांडी घासत बसलेली मला दिसत होती, अगदी माझ्यासारखी.

शाळेत आले तर वर्गाबाहेर कुणी नव्हतं. आतून नऊचा पाढा ऐकू येत होता, साठ पोरांच्या आवाजात. दारातून बघितलं. पाटणकर बाई फळ्याशी पाढा घेत होत्या. रंजना कोपऱ्यात कुशीवर, डोक्याखाली बसकर, डोळे मिटलेले, श्वास संथ. तिच्याशेजारी एक मैत्रीण मांडी घालून, पाढा म्हणत म्हणत तिच्या तोंडाची लाळ पुसत होती. आणि तिच्या पायाशी, इस्त्रीचा शर्ट घालून, फरशीवर उकिडवे बसलेले मोठे गुरुजी. मनगटातलं घड्याळ काढून हातात धरलेलं.

मला बघून उठले. "तीन मिनिटं," म्हणाले. "उजव्या हातापासून सुरू झाली. डॉक्टरांना तसंच सांगा."

मी खाली वाकून रंजनाचं दप्तर उचललं. "दाखला उद्या ह्यांच्याकडं द्या, गुरुजी. आमी निघतो."

गुरुजींनी घड्याळ मनगटावर चढवलं, पट्टा लावला, आणि माझ्या हातातल्या दप्तराकडं बघितलं.

"दप्तर कुठं नेता? शाळा सुटायला अजून दीड तास आहे. जागी झाली की बसेल तिच्या जागेवर."

मी दप्तर परत होतं तिथं ठेवलं आणि मागच्या ओळीत पोरांच्यात जाऊन बसले.